धूळपाटी आणि दप्तर : संगणकाच्या विसरण्याचे उपयोग

दगडी पाटी घरोघरी येण्यापूर्वी आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळांतून मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, पंतोजींनी पाहिले की फळी हलवून पुन्हा कोरी करायची. ‘धुळाक्षरे’ हा शब्द याच रिवाजातला. त्याच समाजात दुसऱ्या टोकाला दप्तर होते. जमाखर्च, निवाडे, वतनाचे कागद, पत्रव्यवहार हे सारे रुमालात बांधून पिढ्यान्‌पिढ्या जपले जाई. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल आजही अभ्यासकांसाठी सोडले जातात. कोणते लिखाण धुळीत करायचे आणि कोणते कागदावर उतरवायचे, याबद्दल फारसा संभ्रम नव्हता. कागद महाग होता, शाई करावी लागे, लिहिणारा कारकून पगारी होता. ठेवायला खर्च येत असल्यामुळे जे ठेवण्याजोगे तेच ठेवले जाई.

संगणकाने हा हिशेब उलटा केला. ठेवणे जवळजवळ फुकट झाले आणि पुसायला मात्र वेळ काढावा लागतो. परिणामी आपण सगळेच दप्तरात टाकतो. बँकेचा एकवार पाहायचा कागद, शेजाऱ्याने पाठवलेले ओळखपत्र, कुठल्याशा प्रोग्रामने मधल्या कामासाठी केलेल्या हजारो फायली, सारे एकाच डिस्कवर वर्षानुवर्षे पडून राहते. संगणकातही एक धूळपाटी असते आणि ती रीतसर वापरता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तांत्रिक भाषेत तिला मेमरीवर आधारलेली फाइल-व्यवस्था म्हणतात. ती कशी चालते, तिचा रोजच्या कामात उपयोग काय आणि तिच्यावर कोणत्या गोष्टी चुकूनही लिहू नयेत, हे या लेखात पाहू.

कामाची जागा आणि ठेवण्याची जागा

मोबाइलच्या खोक्यावर ‘८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज’ असे छापलेले असते. पहिला आकडा कामाच्या जागेचा, दुसरा ठेवण्याच्या जागेचा. कामाच्या जागेला आपण मेमरी म्हणतो. ठेवण्याची जागा म्हणजे हार्ड डिस्क, हल्लीची एसएसडी, मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह. (‘मेमरी कार्ड’ या नावाने थोडा गोंधळ होतो. ते कार्ड प्रत्यक्षात ठेवण्याचीच जागा आहे.)

या दोहोंच्या वेगात मोठे अंतर आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कवर हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. टोक सरकण्याचा वेळ धरला तर साधारण १० मिलिसेकंद होतात. मेमरीतून तीच माहिती १०० नॅनोसेकंदांच्या आसपास मिळते. हा फरक सुमारे १ लाख पटींचा आहे. मेमरीला एक सेकंद लागतो असे मानले, तर हार्ड डिस्कला एक दिवस आणि जवळपास चार तास लागतील. एसएसडीने हे अंतर पुष्कळ कमी केले आहे. तरी त्याच मापाने तिलाही सोळा-सतरा मिनिटे लागतील.

या वेगाची किंमत म्हणजे विस्मरण. वीज गेली की मेमरी कोरी होते. याचे कारण तिच्या बांधणीत आहे. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिच्यात माहितीचा एक कण साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर पुरतो. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०. हा भार सतत गळत असतो. म्हणून प्रत्येक घर ठरावीक वेळाने, सामान्यतः ६४ मिलिसेकंदांच्या आत, वाचून पुन्हा भरावे लागते. गळक्या रांजणात सतत पाणी ओतत राहावे तसा हा प्रकार आहे. ओतणारा थांबला की रांजण रिकामा.

संगणकाची मेमरी नेहमीच अशी नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला, १९६० मध्ये कामाला लागलेला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी ‘टिफरॅक’ असे नाव दिलेला संगणक फेराइटच्या बारीक कड्यांत माहिती ठेवी. त्याच्या मेमरीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आजच्या मापाने ही जागा १० किलोबाइट होते. या लेखाची निम्मी फाइलही तिच्यात मावणार नाही. परंतु ती कडी चुंबकीय होती. चुंबकत्वाला वीज लागत नाही, त्यामुळे त्या प्रकारची मेमरी वीज गेली तरी विसरत नसे. विस्मरण हा संगणकाचा जन्मजात गुण नाही. स्वस्त, दाट आणि वेगवान मेमरी हवी म्हणून आपण पत्करलेला तो दोष आहे. पुढे याच दोषाचा उपयोग कसा करून घेतला गेला, तो या लेखाचा विषय.

हिशेबनीस तोच, गोदाम वेगळे

डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या लाखो खणांचे कपाट. ‘आजीची पत्रे’ नावाची फाइल कोणत्या खणांत आहे, तिचा आकार किती, ती कधी बदलली, कोणाला उघडता येते, हे कपाटाला माहीत नसते. हा हिशेब फाइल-व्यवस्था ठेवते. ती गोदामाच्या दारात बसलेली हिशेबनीस आहे. प्रोग्राम तिला नाव सांगतो, ती फाइल काढून देते. माल कोठून आला याच्याशी प्रोग्रामला कर्तव्य नसते.

म्हणून एक युक्ती करता येते. दारातली खिडकी तीच ठेवायची, फाइल, फोल्डर, नावे, परवानग्या सारे तसेच, पण मागचे गोदाम डिस्कऐवजी मेमरीत उभारायचे. कोणताही प्रोग्राम बदलावा लागत नाही. त्याला तो एक नेहमीचा फोल्डर दिसतो. फक्त तो विलक्षण चपळ असतो आणि वीज गेल्यावर नाहीसा होतो.

ही युक्ती जुनी आहे. १९८४ च्या आयबीएम डॉस ३.० मध्ये ‘व्हीडिस्क’ आणि पुढे मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये ‘रॅमड्राइव्ह’ नावाची सोय होती. फ्लॉपीच्या कूर्मगतीला कंटाळलेले लोक फ्लॉपीवरचा मजकूर मेमरीतल्या या आभासी ड्राइव्हवर उतरवून काम करीत आणि उठताना आठवणीने फ्लॉपीवर परत लिहीत. विंडोज ९८ बिघडल्यावर जी ‘स्टार्टअप फ्लॉपी’ घालावी लागे, तीही दुरुस्तीची अवजारे मांडायला मेमरीत असाच तात्पुरता ड्राइव्ह तयार करी. या जुन्या पद्धतीत एक अडचण होती. जेवढी मेमरी ड्राइव्हसाठी राखली तेवढी अडकून पडे, मग ड्राइव्ह रिकामा का असेना.

दरम्यान कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत जॉन औस्टरहाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स संगणकांवर फायलींचे आयुष्य मोजले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा एक निष्कर्ष असा होता, की नव्याने लिहिलेल्या माहितीपैकी २० ते ३० टक्के माहिती ३० सेकंदांच्या आत आणि सुमारे निम्मी माहिती ५ मिनिटांच्या आत पुसली जाते. संगणक जे लिहितो त्यातले निम्मे धुळाक्षर असते, हे या मोजणीतून दिसले. तरीही ते सारे डिस्कवर कोरले जात होते.

त्यानंतरच्या काही वर्षांत उपाय आले. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सनओएस ४ मध्ये ‘टीएमपीएफएस’ आली. १९९० मध्ये बर्कलीच्याच मॅक्युसिक, कॅरल्स आणि बॉस्टिक यांनी मेमरीवर आधारलेल्या फाइल-व्यवस्थेचा निबंध वाचला. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्स २.४ मध्येही ‘टीएमपीएफएस’ दाखल झाली आणि आज ती जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकावर असते. जुना दोष तिच्यात नाही. फायली जितक्या, तितकीच मेमरी ती घेते आणि फाइल पुसली की मेमरी मोकळी करते. कमाल मर्यादा ठरवता येते. न ठरवल्यास ती एकूण मेमरीच्या निम्मी धरली जाते. मेमरी कमी पडू लागली तर तिच्यातला न वापरला जाणारा भाग डिस्कवरच्या ‘स्वॅप’ नावाच्या राखीव जागेत हलवला जाऊ शकतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती महत्त्वाची ठरते.

युनिक्स घराण्यातल्या संगणकांत तात्पुरत्या फायलींसाठी ‘टीएमपी’ नावाचा फोल्डर असतो. फेडोरा लिनक्सने जानेवारी २०१३ मधल्या अठराव्या आवृत्तीपासून आणि डेबियनने ऑगस्ट २०२५ मधल्या तेराव्या आवृत्तीपासून तो मेमरीत नेला. विंडोजमध्ये मात्र सामान्य वापरणाऱ्यासाठी अशी सोय अंगभूत नाही, तिच्यासाठी वेगळा प्रोग्राम घ्यावा लागतो.

वेगाचा उपयोग कोठे होतो

मेमरीत फायली ठेवल्या की सगळेच भराभर चालेल, असे वाटणे साहजिक आहे. तसे होत नाही. आजची प्रत्येक कार्यप्रणाली नुकत्याच वाचलेल्या फायलींची प्रत रिकाम्या मेमरीत आपणहून ठेवते. तीच फाइल दुसऱ्यांदा मागितली तर डिस्ककडे जावेच लागत नाही. म्हणून गाणी, चित्रपट किंवा पुस्तकांचे पीडीएफ मेमरीत नेऊन ठेवण्यात काही लाभ नाही, उलट जागा अडते.

लाभ होतो तो लिहिण्यात, आणि तोही दोन प्रकारच्या. एक, हजारो बारीक फायली तयार करून लगेच पुसणारी कामे. मोठा प्रोग्राम बांधताना मधल्या टप्प्यांच्या अशा असंख्य फायली होतात. दोन, ‘हे खरोखर डिस्कवर उतरले का ते सांगा, मगच मी पुढे जाईन’ असा आग्रह धरणारे प्रोग्राम. माहितीसाठे असे असतात. बँकेच्या खात्यात पैसे जमा झाल्याची नोंद खरोखर उतरलीच पाहिजे, तेव्हा हा आग्रह योग्य आहे. परंतु त्याच प्रोग्रामची चाचणी घेताना खोटी खाती आणि खोटे व्यवहार हजार वेळा लिहून पुसायचे असतात, तिथे वाट पाहणे वायफळ. पोस्टग्रेस या प्रसिद्ध माहितीसाठ्याच्या अधिकृत पुस्तिकेतच, टिकाऊपणाची गरज नसेल तर साठा मेमरीवरच्या फाइल-व्यवस्थेत ठेवता येईल, असे सुचवले आहे.

साहित्याच्या वाचकाला जवळचे वाटेल असे एक उदाहरण माझ्या कामातले देतो. जुन्या मराठी मासिकांचे बांधीव अंक स्कॅन करून त्यांचा शोधता येईल असा मजकूर करणे, हा माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग आहे. एका पानाचे स्कॅन झाले की ते सरळ करणे, कडा छाटणे, पिवळेपणा काढून काळे-पांढरे करणे, असे तीन टप्पे होतात आणि मग अक्षरओळख. मला कायम ठेवायची असतात ती मूळ स्कॅन आणि शेवटचा मजकूर. मधल्या तीन प्रतिमा धुळाक्षरे होत.

त्यांचा हिशेब असा. ए-४ आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या मापाने घेतले तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. राखाडी छटांत प्रत्येक ठिपक्याला एक बाइट धरली तर पानाला ८.७ मेगाबाइट. शंभर पानांचा एक टप्पा ८७० मेगाबाइट, तीन टप्पे सुमारे २.६ गिगाबाइट. माझ्या संगणकात ८ गिगाबाइट मेमरी आहे, तिच्या निम्म्या मर्यादेत हे बसते. तीनशे पाने एकदम घेतली किंवा रंगीत स्कॅन घेतले तर हाच आकडा ७.८ होतो आणि बसत नाही. म्हणून शंभर-शंभर पानांचे गठ्ठे करावे लागतात. अक्षरओळखीला लागणारा वेळ याने घटत नाही, तो प्रोसेसरच्या हाती आहे. पण डिस्कवर रोज अनेक गिगाबाइट निरर्थक लिखाण होत नाही, आणि वर्षाअखेरीस ‘सरळ केलेले पान ५७, नवीन, अंतिम’ अशा नावांचा कचरा उपसावा लागत नाही.

झिजणारी पाटी

निरर्थक लिखाण टाळण्याला आणखी एक कारण आहे. एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ज्या फ्लॅश चिपने बनतात ती लिहिण्याने झिजते. तिच्यात माहिती म्हणजे पातळ विद्युतरोधक थराआड कोंडलेले इलेक्ट्रॉन. दर वेळी पुसताना-लिहिताना त्या थराला थोडी इजा होते. एका घरात एकच बिट ठेवणाऱ्या जुन्या, महाग चिपा अशा लाखभर फेऱ्या सोसत. एका घरात तीन बिट कोंबणाऱ्या स्वस्त चिपांची सोसण्याची क्षमता हजारांच्या घरात येते. शिवाय फ्लॅशमध्ये एखादी ओळ खोडून दुसरी लिहिता येत नाही, पूर्ण ठोकळा पुसावा लागतो. दोन शब्दांच्या दुरुस्तीसाठी अख्खे पान पुन्हा उतरवून काढण्यासारखे ते आहे.

२०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक आला आणि हौशी लोकांनी त्याला नाना कामांना जुंपले. त्याची ठेवण्याची जागा म्हणजे साधे मेमरी कार्ड. समजा, असा संगणक शेतातले तापमान आणि आर्द्रता दर मिनिटाला नोंदवतो. दिवसाला १४४० वेळा कार्डावर लिखाण झाले. याच नोंदी मेमरीतल्या फोल्डरमध्ये घेऊन तासातून एकदा कार्डावर उतरवल्या तर लिखाण २४ वेळा होते. मध्येच वीज गेली तर फार तर एका तासाच्या नोंदी बुडतील. एका तासाचे नुकसान परवडत नसेल तर दहा मिनिटांनी उतरवा. किती विसरलेले चालेल हे आपणच ठरवायचे असते. मेमरीतल्या फाइल-व्यवस्थेचा शहाणा वापर बहुतेक वेळा या एका निर्णयावर उभा असतो.

घरोघरी भिंतीवर लुकलुकणाऱ्या इंटरनेटच्या राउटरमध्येही हीच सोय असते. ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली आपल्या दैनंदिन नोंदी मेमरीतच ठेवते, कारण आतली फ्लॅश चिप लहान आणि नाजूक असते. राउटर बंद करून चालू केला की त्या नोंदी जातात.

जे विसरलेच पाहिजे

आतापर्यंत सोयीची गोष्ट झाली. आता हक्काच्या गोष्टीकडे येऊ.

तालुक्याच्या कोणत्याही गावी झेरॉक्सच्या दुकानात उभे राहा. दाखल्याचा अर्ज भरायला आलेला माणूस आपले आधार कार्ड, सातबारा, मुलीची गुणपत्रिका, बँकेचे पासबुक दुकानदाराच्या नंबरावर पाठवतो. दुकानदार ते संगणकावर उतरवतो, छापतो, दहा रुपये घेतो. माणूस घरी जातो, कागद ‘डाउनलोड्स’मध्ये राहतात. काही वर्षांनी त्या एका फोल्डरमध्ये अर्ध्या तालुक्याचे ओळखपत्रांसह दप्तर जमलेले असते. ते कोणी मुद्दाम जमवलेले नसते. पुसायचे राहून गेलेले असते, इतकेच. पण संगणक दुरुस्तीला गेला, विकला गेला किंवा चोरीला गेला, की ते दप्तर भलत्याच्या हाती पडते.

हा धोका सरकारच्याही ध्यानात आला होता. आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी काढलेल्या सूचनेत, सायबर कॅफेच्या संगणकावर ई-आधार उतरवू नये आणि उतरवलेच तर सर्व प्रती कायमच्या पुसाव्यात, असे म्हटले होते. सूचनेचा चुकीचा अर्थ निघेल म्हणून दोनच दिवसांत ती मागे घेतली गेली. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. ज्या हेतूसाठी माहिती घेतली तो संपला आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलेली नसली, तर ती पुसावी, हे तत्त्व त्यात आहे.

‘कायमचे पुसणे’ मात्र वाटते तितके सोपे नाही. फाइल डिलीट केली की हिशेबनीस तिच्या वहीतली ओळ खोडते, खणातला माल तसाच राहतो आणि जाणकाराला तो परत काढता येतो. एसएसडीची एकच जागा वारंवार झिजू नये म्हणून तिचा नियंत्रक लिखाण सतत वेगवेगळ्या जागी फिरवत राहतो. त्यामुळे ‘त्याच जागी वर दुसरे लिहून टाकले’ याचीही खात्री देता येत नाही. जी माहिती मुळात डिस्कवर गेलीच नाही, तिच्याबाबत हा प्रश्नच उद्भवत नाही.

आमच्या गावातल्या एका तरुण दुकानदाराने जुना संगणक फार मंदावला म्हणून त्यावर लिनक्स घातले होते. गिऱ्हाइकांचे कागद उतरण्याची जागा आम्ही दोघांनी मिळून मेमरीतल्या फोल्डरवर नेली. रात्री संगणक बंद झाला की फोल्डर रिकामा. त्याची शंका व्यवहाराची होती. “काका, उद्या तेच गिऱ्हाईक आणखी एक प्रत काढायला आलं तर?” त्यावर मी म्हटले, “ते कागद त्याच्या फोनमध्ये आहेतच, तो पुन्हा पाठवेल. त्याचं दप्तर त्याच्याकडे असू दे, तू कशाला सांभाळतोस?” थोडा विचार करून त्याला ते पटले. चोरी झाली तर आपल्यावर नाव येणार नाही, हे त्याने आपणहून जोडले.

हे करताना चार फटी बुजवाव्या लागतात, नाहीतर धूळपाटीवरचे अक्षर गुपचूप दप्तरात उतरते. पहिली फट म्हणजे वर सांगितलेला स्वॅप. मेमरी भरत आली की टीएमपीएफएसमधला मजकूर डिस्कवर जाऊ शकतो. त्यासाठी स्वॅप बंद ठेवावा किंवा कूटबद्ध करावा. २०२३ मधल्या लिनक्स ६.४ पासून एखाद्या मेमरी-फोल्डरपुरता स्वॅप टाळण्याची सोयही आहे. दुसरी फट ‘हायबरनेट’. त्यात संगणक झोपण्याआधी सगळी मेमरी डिस्कवर लिहून ठेवतो. तिसरी फट छपाईची रांग, जिथे छापलेल्या कागदाची प्रत काही काळ राहू शकते. चौथी, दुकानदाराच्या फोनमधला मूळ संदेश. तो फोनवरूनच पुसावा लागतो.

याच तत्त्वावर ‘टेल्स’ नावाची संपूर्ण कार्यप्रणाली उभी आहे. ती पेन ड्राइव्हवरून सुरू होते, आपले काम मेमरीत करते आणि संगणकाच्या डिस्कवर माग ठेवत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेची पाळतयंत्रणा उघडकीस आणणारे एडवर्ड स्नोडेन आणि त्यांच्याशी संपर्कात असलेले पत्रकार ती वापरत. टेल्स बंद होताना मेमरीही पुसून काढते. त्यामागे २००८ मधले प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांचे काम आहे. वीज तोडल्यावर मेमरी त्या क्षणी कोरी होत नाही, काही सेकंद ते काही मिनिटे पुसट होत राहते आणि चिप गोठवली तर आणखी जास्त वेळ टिकते, हे त्यांनी दाखवून दिले. धूळपाटी हलवल्यावरही अक्षराची पुसट खूण क्षणभर दिसते, तसे. झेरॉक्सच्या दुकानाला एवढी भीती बाळगण्याचे कारण नाही. बंद केलेला संगणक काही मिनिटांनी खरोखरच विसरलेला असतो.

जे विसरता कामा नये

आता दुसरी बाजू. धूळपाटीवर दप्तर लिहिले तर काय होते?

सर्वांत साधा अपघात म्हणजे वीज जाणे. महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षे ज्यांनी काढली त्यांना हे समजावून सांगायला नको. यूपीएसचा भरवसा बॅटरीच्या वयापुरता. हाताने केलेले, पुन्हा करता न येणारे कोणतेही काम मेमरीतल्या फोल्डरमध्ये ठेवू नये. प्रतिमेवरून काढलेला मजकूर यंत्र पुन्हा काढून देईल. त्यावर माणसाने तासभर बसून केलेली मुद्रितशोधनाची दुरुस्ती यंत्र देणार नाही. म्हणून दुरुस्ती थेट डिस्कवर.

दुसरा अपघात मेमरी भरून जाण्याचा. लिनक्सवर ‘रॅमएफएस’ नावाची एक साधी भावंड-व्यवस्था आहे, तिला मर्यादा घालता येत नाही आणि ती स्वॅपही होत नाही. तिच्यात लिहीत गेले तर सगळी मेमरी संपेपर्यंत ती घेत राहते आणि संगणक ठप्प होतो. टीएमपीएफएसलाही मर्यादा सैल ठेवली तर कार्यप्रणाली जागा करण्यासाठी चालू प्रोग्राम बंद पाडू लागते. मर्यादा घालणे हा या वापराचा पहिला नियम समजावा.

तिसरा धोका जास्त गंभीर आहे, कारण तो अपघाताने तसा हेतूनेही घडू शकतो. राउटर किंवा सर्व्हर अचानक बंद पडला तर का पडला, हे त्याच्या नोंदी सांगतात. त्या मेमरीत असतील तर ज्या क्षणी त्यांची गरज पडते त्याच क्षणी त्या गेलेल्या असतात. घरच्या राउटरबाबत हे चालून जाते. परंतु जिथे कोणी काय केले याचा जाब कधीतरी विचारला जाणार आहे, तिथे नोंदी मेमरीत ठेवणे म्हणजे जाब देण्यातून सुटण्याची वाट करून ठेवणे. माहितीचा अधिकार कायदा, २००५ च्या चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांवर आपले अभिलेख सूचीसह नीट ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. कार्यालयाने कोणता अर्ज कधी फेटाळला, कोणी सही केली, हे दप्तर आहे. त्या अर्जाला जोडलेली आधारची जास्तीची प्रत, काम झाल्यावर, धुळाक्षर आहे. व्यवहारात पुष्कळदा याच्या उलट दिसते. नागरिकाचे ओळखपत्र दहा ठिकाणी वर्षानुवर्षे पडून असते आणि निर्णयाची नोंद मात्र मागितल्यावर सापडत नाही.

म्हणून मेमरीतल्या फाइल-व्यवस्थेचा उपयोग करताना कोणत्याही फाइलबद्दल तीन प्रश्न विचारावेत. ही गेली तर यंत्राकडून पुन्हा मिळेल का? ही राहिली तर कोणाला इजा होईल का? आणि ही गेल्याने कोणाची जबाबदारी झाकली जाईल का? पहिल्याचे उत्तर ‘मिळेल’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर फाइल निश्चिंतपणे मेमरीत ठेवावी. दुसऱ्याचे ‘होईल’ असेल तर मेमरीतच ठेवावी. तिसऱ्याचे उत्तर ‘होय’ आले, तर बाकीची दोन काहीही असोत, ती डिस्कवर, आणि शक्यतो दोन ठिकाणी, उतरवून ठेवावी. या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर संगणकाला देता येत नाही. ते देण्याचे काम फाइल तयार करणाऱ्याचे आहे, आणि ते फाइल तयार करण्यापूर्वीच करायचे आहे.